राजीखुशीचा अंगठा

सोमवार, ६ नोव्हेंबर १९६७

बायकोने, शालूने, निघताना सांगितलं होतं, नव्या गावात रोज चार ओळी लिहीत जा, मी आले की वाचीन. म्हणून ही वही.

सकाळी बोईसरला उतरलो. स्टेशनाबाहेर वाहन नव्हतं, पण तारापूरच्या वीजप्रकल्पाकडे सिमेंट नेणारा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर पंजाबी. कुठे जायचं म्हणून त्याने विचारलं, मी आरोग्यगृहाचं नाव सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "देखने में तो ठीक लगते हो." नोकरीला चाललोय म्हटल्यावर मात्र खो खो हसत दार उघडून दिलं. वाटेत ताडाची झाडं, भात कापून मोकळी झालेली खाचरं आणि खारं वारं. आमच्या संगमनेरच्या मानाने हवा जड, पण जागा मला आवडली.

आरोग्यगृह म्हणजे एका व्यापाऱ्याची गवताची जुनी वखार. ह्या बाजूला गवताचा धंदा मोठा. डोंगरातलं गवत कापून, यंत्रात दाबून त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जातात. व्यापारी बुडाला आणि डॉ. सबनीसांनी वखार घेतली. समोरासमोर दोन लांब कोठारं, एक पुरुषांचं, एक बायकांचं, मध्ये अंगण, पुढे कचेरी. भिंती जाड आणि खिडक्या माणसाच्या डोक्याहून उंच. गवताला खिडकी हवी कशाला?

डॉक्टरसाहेब मोठे प्रसन्न गृहस्थ. स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले, "चंद्रभानराव, कोर्टात नकला करून तुमचं अक्षर मोत्यासारखं झालंय, तसाच माणूस मला हवा होता." एका महिन्यात मागची खोली रिकामी होईल, मग बायकोला घेऊन या, असंही म्हणाले.

बायकांकडची आया इंदुबाई सातपाटीची कोळीण. मी नाकाला रुमाल लावलेला पाहून म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी घाटावरची मानसं. आठ दिस बोंबलाच्या नावानं नाक धराल, मंग मलाच सांगाल, इंदुबाई, दोन जास्ती भाज." जेवणात बोंबीलच होता. अजून नाक धरण्याच्या आठ दिवसांत आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

कामाची ओळख झाली. रुग्ण दाखल करण्याचे कागद माझ्याकडे.

कायदा असा. वेड लागलेल्याला इस्पितळात घालायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, दोन डॉक्टरांचे दाखले लागतात. पण माणूस आपणहून आला असेल तर त्याची संमती आणि तपासायला येणाऱ्या दोघा सरकारी पाहुण्यांची मान्यता एवढ्यावर भागतं. डॉक्टरसाहेब अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे जबरदस्तीचा एकही रुग्ण नाही. सगळे राजीखुशीचे." छापील मजकूरही तसाच आहे. मी खाली अंगठा करणार राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की, मला मानसिक आजार असून... वेडा माणूस अक्कलहुशारीने लिहून देतो, ह्याचं मला हसू आलं. कोर्टात असतो तर साहेबांना दाखवलं असतं.

दुपारी पहिली दाखल-नोंद केली. जिवली, डोंगरातल्या एका पाड्यावरची वारलीण, तिशीच्या आतली. बैलगाडीतून आणली होती, हात कासऱ्याने बांधलेले. सोबत गवताच्या एका मालकाचा माणूस. त्याचं म्हणणं, हिचं डोकं फिरलंय, हिने गवताची गंजी पेटवली. जिवली तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "दादला माझा दाबाच्या यंत्रात मेला. मालक बोलला, यंत्र धुवून घ्या. म्हनून पेटवली. डोकं जाग्यावर हाय."

डॉक्टरसाहेबांनी मान हलवली आणि मला कागद पुढे करायला सांगितलं. तिने मूठ आवळून धरली. नोकरांचा मुकादम धर्माजी, पाम गावचा धिप्पाड माणूस, त्याने मनगटावर गुडघा ठेवला, दुसऱ्याने बोटं उलगडली, मी शाई लावली. अंगठा दाबायचा नसतो, लोळवायचा असतो, नखाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. ठसा स्वच्छ आला. डॉक्टरसाहेब म्हणाले, असा ठसा ह्या कचेरीत प्रथमच पाहिला.

जरा खटकलं. पण आजारी माणसाला आपलं हित कळत नाही, हेही खरंच.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सरकारी पत्र आलं होतं की रुग्णांच्या हक्कांची सूचना मराठीत लिहून दर्शनी लावावी. पाहुणे महिनाअखेर येणार आहेत, तोवर फलक हवा. दोन दिवस खपून मी तो रंगवला. काळ्यावर पांढरी अक्षरं, कडेला पिवळी पट्टी. मजकूर असा:

राजीखुशीने दाखल झालेल्या रुग्णास जावयाचे असल्यास त्याने तसे लेखी कळवावे. कळविल्यापासून चोवीस तासांत त्यास सोडण्यात येईल. संमतीवाचून कोणासही येथे ठेवले जाणार नाही.

अंगणात लावला. मग लक्षात आलं की इथे वाचता येणारं जवळपास कोणीच नाही. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, वाचून दाखवू का? ते हसले. म्हणाले, हौस असेल तर दाखवा, कीर्तन म्हणून ऐकतील.

आज उन्हं उतरल्यावर दोन्हीकडची माणसं अंगणात बसवली. वाचून दाखवलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. म्हणून कोर्टात पक्षकारांना सांगतो तसं सोपं करून सांगितलं. आपला अंगठा वर धरला आणि म्हटलं, "हा तुम्ही कागदावर दिलाय, म्हणून तुम्ही इथे आहात. तुम्हाला इथे भिंतीने नाही, ह्याने धरलंय."

गोमा म्हणून वाणगावकडचा एक शेतकरी आहे. भावांनी वाटणीच्या भांडणात आणून घातलेला. तो म्हणाला, "म्हंजी दार उघडंच हाय म्हना की." सगळे हसले. धर्माजीही हसला.

जिवली हसली नाही. तिने विचारलं, "आन अंगठा नसंल तर?"

मी म्हटलं, "नसेल तर कोणाच्या बापाला ठेवता येणार नाही."

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मला बरं वाटलं. एका तरी माणसाला कायदा कळला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

जिवलीने कचेरीच्या दाराशी येऊन सांगितलं, मला जायचं हाय, लिवून द्या. मी अर्ज लिहिला, तिने अंगठा केला. ह्या वेळी कोणाला गुडघा ठेवावा लागला नाही.

डॉक्टरसाहेबांनी अर्ज वाचला आणि चार तुकडे केले. मी म्हटलं, साहेब, फलकावर आपणच लिहिलंय. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वेड्याचा अंगठा अर्जावर कसा चालेल, चंद्रभानराव?" मी म्हटलं, मग दाखल करतानाचा कसा चालला? ते म्हणाले, "आत यायला अंगठा पुरतो. बाहेर जायला डोकं लागतं."

धर्माजीला हे वाक्य इतकं आवडलं की तो दिवसभर म्हणत फिरला.

त्याच दुपारी गोमा कुंपणावरून पळाला, घरी पोचलासुद्धा. साहेबांनी दाखल-कागद देऊन धर्माजीला पोलिसांकडे पाठवलं. हवालदाराने कागद पाहिला, गोमाच्या अंगणात जाऊन ठसा दाखवला, हा तुझाच ना म्हणाला, आणि संध्याकाळी गोमा परत आला. बायको गाडीमागे धावत आली होती म्हणे. अंगणात धर्माजीने सगळ्यांदेखत त्याच्या पोटऱ्यांवर शिंदीचा सोटा चालवला. सोटा मोडला तेव्हा दुसरा आणला. गोमा ओरडत नव्हता. मोठ्याने सांगत होता, "त्यांनी अंगठा दाखवला रं. माजाच व्हता. मी काय बोलनार?"

सगळी माणसं ऐकत होती.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

जिवलीला वीज दिली. अर्ज करणं हे आजार वाढल्याचं लक्षण, असं साहेबांचं निदान. ह्या उपचाराला वेगळी संमती लागते, म्हणून मला बोलावलं.

आधी कधी पाहिलं नव्हतं. चौघे हातपायांवर बसतात. तोंडात चिंधीची गुंडाळी. मग कळ. पाठीची अशी कमान होते की चार माणसं वर उचलली जातात. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, खांदा असेल, बसवू. लघवीचा वास सुटला. तिचे डोळे उघडे होते आणि आत कोणी नव्हतं.

मी त्या आधीच ठसा घेतला होता. शाई ओली होती. कळ दाबताना तिची मूठ मिटली आणि शाई तिच्या तळहातभर झाली.

इंदुबाई बाहेर येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "भाऊसाहेब, जाल्यात मासा असा उडतो. पर मासा आमी खातो तरी."

मी नोकरी सोडण्याचा विचार करतोय. शालूला काय लिहू?

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

सकाळी बायकांच्या कोठारातून इंदुबाईची किंकाळी आली. मी धावलो.

जिवली भिंतीला टेकून बसली होती. हनुवटी, छाती, मांडी, सगळं लाल. उजव्या हाताचा अंगठा नव्हता. कापला नव्हता. चावून, पिळून, सांध्यातून वेगळा केला होता. मांसाच्या दोऱ्या लोंबत होत्या आणि मध्ये हाडाचं पांढरं टोक. एक खांदा निखळलेला असताना तिने हे केलं.

तुटलेला अंगठा कुठेच सापडेना. धर्माजीने चटई झटकली, मोरी पाहिली. शेवटी तिनेच पोटाकडे हात दाखवला. म्हणाली, "टाकला असता तर तुमी उचलून शाई लावली असती."

मग माझ्याकडे बघून, अगदी आदराने, "आता जाऊ ना?"

साहेबांनी पट्टी बांधायला सांगितलं आणि मला म्हणाले, डाव्याचा घेऊन ठेवा.

डावा घ्यायला धर्माजी वळला, तोवर तो अंगठा तिच्या तोंडात होता. चौघांनी जबडा उघडायचा प्रयत्न केला. मी तिथेच उभा होतो. तो आवाज मी लिहीत नाही.

सोमवार, २० नोव्हेंबर

काल बायकांकडच्या म्हाताऱ्या भागीने तेच केलं. आज सकाळी भागीच्या शेजारच्या दोघी. दुपारी पुरुषांकडे सुरुवात झाली. गोमाने दाराच्या बिजागरीत अंगठा घातला आणि दुसऱ्याला दार ओढायला सांगितलं. मग त्याने त्या दुसऱ्यासाठी दार ओढलं. रांग लागली होती. धर्माजी पोचेपर्यंत उंबऱ्यावरून रक्त अंगणात उतरलं होतं.

कोणी ओरडत नाही. हेच मला सहन होत नाही. ओठ मिटून करतात, आणि झालं की कचेरीच्या दाराशी येऊन ओळीने बसतात. हात मांडीवर, उताणे. वाट पाहतात.

कोणीही वेडं नाही. मीच सांगितलं होतं, अंगठा वर धरून. त्यांनी मला खरं मानलं.

म्हातारी भागी तापाने फणफणली आहे. हात कोपरापर्यंत काळा.

बुधवार, २२ नोव्हेंबर

साहेबांचा तोल पहिल्यांदा गेलेला पाहिला. सोमवारी पाहुणे. जुने ठसे चालणार नाहीत, प्रत्येकाचा ताजा ठसा पाहुण्यांपुढे ठेवावा लागतो. आणि ठसा द्यायला बहुतेकांचे अंगठेच राहिले नाहीत.

ज्यांचे उरलेत त्यांचे समोरचे दात काढायचा हुकूम निघाला. पकड, पाण्याची बादली, बस्स. धर्माजी दुपारभर तेच करत होता. त्यालाही आता विनोद सुचत नाहीत. एका पोरसवद्या बाईचा जबडा मोडला. तिने रक्त थुंकलं आणि सरळ जाऊन कचेरीच्या खिडकीच्या गजावर अंगठा आपटत राहिली, लगदा होईपर्यंत.

भागी गेली. जाळायच्या आधी साहेबांनी मला शाई घेऊन पाठवलं. पायाचा अंगठा घ्या म्हणाले. मेलेलीचा ठसा कशाला, मी विचारलं. म्हणाले, मेली हे पाहुण्यांना कशाला सांगायचं.

घेतला. थंड होता. ठसा स्वच्छ आला.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

राजीनामा लिहून नेला. साहेबांनी तो वाचला, घडी केली आणि शांतपणे म्हणाले, "प्रत्येक अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे?"

माझी.

मग त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, तुम्हाला दोन अंगठे आहेत. पाहुणे कागद चाळतात, ठसे जुळवून पाहात नाहीत. पुरुषांसाठी डावा वापरा, बायकांसाठी उजवा. थोडा तिरपा, थोडा पुसट. आणि उद्या शालूबाईंना पत्र टाका, खोली रिकामी झाली.

दार बाहेरून लावून गेले.

मी केलं. सगळ्यांचं. गोमाच्या नावाखाली माझा डावा. जिवलीच्या नावाखाली माझा उजवा. सुरुवातीला ठसे फिसकटले. नंतर फिसकटेनात.

संध्याकाळी विहिरीवर हात घासत होतो. शाई सुटत नव्हती. इंदुबाई घागर घेऊन आली. म्हणाली, "काय भाऊसाहेब, दोनी अंगठं कालं? कुनाचं लगीन लावलं?" आणि हसता हसता थांबली. माझ्या हातांकडे पाहिलं, कचेरीकडे पाहिलं. घागर न भरताच गेली.

सोमवार, २७ नोव्हेंबर

पाहुणे आले. दोघे, ठाण्याहून, जीपने. साहेबांनी पापलेट तळून घेतलं होतं.

माणसं अंगणात उभी केली. सगळ्यांचे हात फडक्यात गुंडाळलेले. एका पाहुण्याने विचारलं, ह्यांना काय झालं? साहेब म्हणाले, महारोग आहे, ह्या भागात फार. दोघेही दोन पावलं मागे सरले. फलकाची मात्र तारीफ केली. अक्षर कोणाचं म्हणाले.

जिवली समोरच होती. तिने मोठ्याने सांगितलं, "आमचं अंगठं नायत. आमाला ठेवता येत नाय." पाहुणा साहेबांकडे वळला. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी कागद उघडून दाखवले. पाहुण्याने जिवलीला समजावलं, बाई, हा बघ तुझा ठसा, इथेच आहे, तू दिलायस.

तिने कागद पाहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे.

एक शब्द बोलायचा होता. ठसा माझा आहे. एवढंच. पाहुणा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या मिशीला मसाला लागला होता.

बोललो नाही.

सगळे कागद जीपमध्ये घालून ते घेऊन गेले.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

इंदुबाई काम सोडून सातपाटीला गेली. जाताना मला म्हणाली, "त्यांना सांगितलं मी. कुनाच्या अंगठ्यानं अडकलीत ते."

आज कोणी कचेरीसमोर बसलं नाही. सगळे कोठारात. कुजबुज नाही, काही नाही. जेवण तसंच परत आलं.

बुधवार, २९ नोव्हेंबर

भर दुपार. कचेरीच्या खिडकीतून पाहिलं ते लिहितो.

धर्माजी वाढायला अंगणात आला. माणसं बाहेर आली, त्याच्याभोवती उभी राहिली. त्याने सोटा उगारला. त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांना काही धरताच येत नाही. अंगठ्याशिवाय मूठ वळत नाही, माणसाचा गळासुद्धा धरता येत नाही.

म्हणून ती त्याच्या अंगावर पडली. आधी गोमा. मग दुसरा. मग सगळी, एकावर एक, दोन्ही कोठारं रिकामी होईपर्यंत. नुसती निजली. धर्माजी शिव्या देत होता, मग आई गं म्हणाला, मग बरगड्या— वाळल्या काटक्यांसारखा— खालून रक्त आणि भाताची पेज एकत्र वाहत आली.

उठली तेव्हा तो चपटा दिसत होता.

बाकीचे नोकर कुंपणावरून पळाले. साहेब मोटारीकडे धावले. पोचले नाहीत. त्यांच्यावरही तशीच. साहेब शेवटपर्यंत बोलत होते. समजावत होते.

मी कचेरीला आतून कडी घातली आहे.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

फाटक उघडं आहे. खिडकीतून ओरडून सांगितलं, जा, पळा, आता कोणी नाही.

गोमा म्हणाला, "मागच्या खेपेला पन गेलोच व्हतो की, भाऊसाहेब."

मी म्हटलं, मी लिहून देतो. सगळ्यांना सोडलं म्हणून. सहीनिशी. जिवली म्हणाली, "कागद नको."

कागद ठाण्याला. त्यांना तिथे पोचता येत नाही. अंगठा इथे. हिशोब चुकत नाही कुठे. मीच शिकवला.

दुपारी

दाराची कडी तोडली. पाठी लावून, सगळ्यांनी मिळून.

कोणी मला हात लावला नाही. भोवती बसली आहेत. वास— रक्ताचा, पूचा. जिवली समोर. तिने सांगितलं, जबरी नाय. तुमी राजीखुशीनं द्यायचा. नायतर तो खरा होत नाय.

विचारलं, नाही दिला तर?

गोमा म्हणाला, "मंग बसू. आमाला कुटं जायचंय?" आणि जरा जवळ सरला. मग सगळी सरली. माझ्या पावलांवर कोणीतरी बसलं. मग मांडीवर. हळूच. छातीवर अजून कोणी नाही. श्वास येतो.

शालू, तू इकडे येऊ नको—

हो म्हटलं, त्यांनी दाराशी सरकू दिलं. डावा दिला. बिजागरीत मी स्वतः घातला. दार त्यांनी लोटलं, पाठीने. दोनदा लोटावं लागलं. मी ओरडलो. त्यांच्यातलं कोणी ओरडलं नव्हतं.

पुरुष उठले. एकेक जण माझ्यासमोर वाकला आणि बाहेर गेला. खिडकीतून दिसतात. फाटकातून जातात. गोमा सर्वात शेवटी. तो वाणगावच्या रस्त्याला लागला. मागे वळून पाहात नाही. खरंच सुटल्यासारखा चालतो.

बायका राहिल्या आहेत. त्या उजव्यावर आहेत.

जिवलीला म्हटलं, उजवा दिला तर लिहिता येणार नाही. एवढं संपवू दे. ती म्हणाली, "तुमची मर्जी. आमी बसतो."

कोणीतरी छातीवर टेकलं. पोरसवदा आहे. जबडा बांधलेला. वजन फार नाही. तिच्यामागे दुसरी—

लिहितोय तोवर त्या अडकलेल्या. मी लेखणी ठेवत नाही तोवर—

जिवली दाराशी गेली. पाठ लावून उभी आहे. फट उघडी धरलीय. म्हणते, सांगा, राजीखुशीनं ना? मी हो म्हटलं. मी राजीखुशीने व अक्कल